अठ्ठेचाळीस उजव्या वहाणा

हद्दूदा गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी माझी मैत्रीण रबहा आणि मी त्याचं घर आवरायला गेलो. एकट्या माणसाचं घर, आवरायला असं काय असणार? दोन चटया, चहाची किटली, काच फुटलेला कंदील, शाळेतली जुनी घंटा. आणि मागच्या खोलीत भिंतीला लागून ओळीने मांडलेल्या अठ्ठेचाळीस वहाणा. सगळ्या प्लॅस्टिकच्या, सगळ्या उजव्या पायाच्या. डावी एकही नाही.

पहिल्या बावीस लहान होत्या, नऊ-दहा वर्षांच्या पोराच्या पायाच्या. पुढच्या सव्वीस मोठ्या, बाप्या माणसाच्या. रबहा ते बघून उंबऱ्यावरच बसली. मी बसले नाही. त्या बाविसाव्या आणि तेविसाव्या वहाणेच्या मधे एक दिवस आहे, आणि त्या दिवशी मी तिथे होते. चौदा वर्षांची होते.

हद्दूदा शाळेत शिपाई होता. घंटा द्यायची, अंगण झाडायचं, मास्तर उशिरा आले तर पोरांना गप्प बसवायचं. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "शाळेतली एवढी पोरं सांभाळतोय, आणखी घरची कशाला?" आता तो गेल्यावर लोक हळूच म्हणतात, माणूस चांगला होता, पण जरा सरकलेला होता. म्हणोत बापडे. ज्यांनी उभ्या आयुष्यात कुणाची वाट पाहिली नाही, त्यांना वाट पाहणारा वेडाच वाटतो.

आमचं तिमारीन गाव खत्तारावर जगतं. डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीच्या पोटातून भुयार येतं, त्यातून पाणी येतं, आणि ते खाली खजुरांच्या बागेत उघड्यावर पडतं. वर माळावर ठरावीक अंतराने भुयाराची तोंडं आहेत आणि प्रत्येक तोंडाभोवती उपसलेल्या मातीचा ढीग. खजूर उतरवून झाले की दर हिवाळ्यात गाळ काढायला खाली उतरायचं. नाही उतरलं तर उन्हाळ्यात बाग वाळते, आणि बाग वाळली की माणसं शहराची वाट धरतात. शेजारच्या दोन गावांत आता फक्त भिंती आहेत.

उतरताना एक रीत पाळायची. आमच्याकडे पोरांची डोकी मोजत नाहीत. बोट दाखवून एक, दोन, तीन केलं की खाली जे कान देऊन असतं त्याला आकडा कळतो, आणि आकडा कळला की त्यातलं एक त्याला हवंसं होतं. बाहेरची माणसं याला हसतात. मी स्वतः शिक्षिका आहे, वर्गात हजेरी घेते, पण नावं घेऊन घेते. आकडा मुकाट्याने लिहिते आणि वही मिटते. तर मोजायचं नाही, म्हणून वहाणा. उतरणाऱ्याने डाव्या पायातली वहाण पायऱ्यांच्या तोंडाशी काढून ठेवायची, आणि वर आलं की आपली घालायची. तोंडाशी वहाण उरली नाही, म्हणजे सगळे वर आले. मोजणंही नको आणि विसरणंही नको, असा तो तोडगा. बापजाद्यांपासून चालत आलेला.

हद्दूदा सतरा वर्षांचा असताना त्याचा धाकटा भाऊ मुहा अनवाणी खाली उतरला. मुहा नऊ वर्षांचा. आदल्या दिवशी त्याच्या वहाणेचा पट्टा तुटला होता. हद्दू त्या दिवशी ओळीत सगळ्यांच्या पुढे होता, खांद्यावर कुदळ, तोंडात शीळ. मुहा त्याच्यामागे कधी आला ते कुणी पाहिलं नाही. काम संपलं, सगळे वर आले, ज्याने त्याने आपापली वहाण घातली, तोंडाशी काही उरलं नाही. चहा झाला. लोक घरी गेले. संध्याकाळी आईने भाकरी पुढ्यात ठेवता ठेवता विचारलं, "मुहा कुठंय रे?"

तीन दिवस शोधलं. सातव्या तोंडाच्या आत एक जुना फाटा आहे, आंधळा, कुठेच न जाणारा. त्याचं छप्पर मधेच खाली बसलं होतं. पोरगं मिळालं नाही. त्याला कबरही नाही.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जळली ती रीत, उद्यापासून पोरं मोजा. हद्दूदा तसं म्हणाला नाही. तो म्हणाला, पुढे चालणाऱ्याला मागचं दिसत नाही, चूक तिथे आहे. पुढच्या वर्षी त्याने गावातली दहा-बारा पोरं-पोरी जमवली आणि मंडळ काढलं. नाव ठेवलं 'मागची ओळ'. लोक हसले. मंडळाचं नाव कसं, उगवता सूर्य, नवी पहाट असं काहीतरी असावं. हा म्हणे मागची ओळ!

पण मंडळ चाललं. गाळ आम्ही काढायचो. आंधळ्या म्हाताऱ्यांचं पाणी आम्ही भरायचो. फ्रान्सला कामाला गेलेल्या नवऱ्यांची पत्रं बायांना वाचून दाखवायचो, आणि त्यात काय होतं ते बाहेर बोलायचं नाही ही शपथ होती. मयताला खांदा द्यायला माणसं कमी पडली तर मोठी मुलं जायची. आणि प्रत्येक कामात एक जण 'मागचा' असायचा. सगळ्यांत शेवटी निघायचं, सगळं आवरलं का बघायचं, कुणी मागे राहिलं का बघायचं. तोच म्होरक्या. जिल्ह्याहून एकदा युवक खात्याचे साहेब आले, त्यांनी विचारलं, "तुमच्यात नेतृत्व कोण करतं?" हद्दूदाने कोपऱ्यात सगळ्यांचे पेले विसळत बसलेल्या एका तोतऱ्या पोरीकडे बोट केलं. साहेबांना वाटलं, हा थट्टा करतोय. जाताना त्यांनी एक जाडजूड वही दिली आणि बजावलं की दर वेळी उपस्थितांचा आकडा लिहीत जा. उंटावरून शेळ्या हाकणारे खूप पाहिले, हा तर जीपमधून हाकत होता. ती वही पुढे कित्येक वर्षं किटलीखाली होती.

मला काही केल्या 'मागची' व्हायचं होतं. हद्दूदा मला होऊ देत नव्हता.

"इतो, तू पुढे पुढे फार करतेस," तो म्हणायचा. "पुढे पुढे तर बकरीही करते."

"मग बकरीला बोलवा पत्रं वाचायला," मी म्हणायची.

"बकरी निदान पत्रातलं शेजारणीला सांगत नाही." एकदा माझ्याकडून तसं झालं होतं.

आता वहाणेचं सांगते. दर हिवाळ्यात, गाळ काढायच्या आदल्या गुरुवारी, हद्दूदा रिसानीच्या बाजारात जाऊन लहान पोराची एक नवी जोडी आणायचा. त्यातली डावी सातव्या तोंडाशी, सगळ्या वहाणांच्या शेवटी, एका सपाट दगडावर ठेवायचा. ती मुहाची. आम्ही सगळे वर आलो की तेवढी एकच उरायची, आणि ती उरली की काम संपलं. रीत पूर्वी होती, काही उरू नये. आता झाली, एक उरावी. ती वर्षभर तशीच दगडावर राहायची, तिला कुणी हात लावायचं नाही. पुढच्या हिवाळ्यात तो तिथे जाऊन पहिलं काम करायचा ते हे: ती वहाण उचलायची, उलटी करायची आणि तळवा बघायचा. बराच वेळ बघायचा. तळवा कोराच असायचा, उन्हाने तडकलेला पण कोरा. मग ती तो जवळच्या खजुराच्या मुळाशी पुरायचा आणि नवी ठेवायचा.

आणि शेवटी हाक. सगळी पोरं पायऱ्या चढून गेली की 'मागचा' खाली थांबायचा, आणि काळोखाकडे तोंड करून तीनदा विचारायचा, "मागे कोण?" प्रत्येक हाकेनंतर आवाज भुयारात विरेपर्यंत थांबायचं. हाक द्यायला आम्हांला भीती वाटायची. पण हाकेपेक्षा नंतर थांबण्याची भीती जास्त होती. कारण पाण्याचा आवाज नीट कान देऊन ऐकला ना, तर त्यात कुणीतरी चालतंय असं वाटतं. तुम्ही थांबलात की ते थांबतं.

"आणि कुणी उत्तर दिलं तर?" एकदा रबहाने विचारलं होतं.

हद्दूदा किटलीत पुदिना कोंबत होता. वर न बघता म्हणाला, "दिलं तर जायचं."

"पण कोण असेल ते..."

"मागून 'मी' असं आलं, तर 'मी म्हणजे कोण' असं विचारायचं नाही. ज्याला जायचं नसतं तो असले प्रश्न विचारतो."

मी चौदाची झाले त्या हिवाळ्यात त्याने मला बोलावलं. "आज तू मागची," एवढंच म्हणाला. मला आकाश ठेंगणं झालं. त्याने पुढे काही सांगितलं नाही, फक्त कंदील माझ्या हातात दिला. त्याची काच तेव्हा शाबूत होती.

आम्ही बाराएक जणं होतो. रबहा माझ्याच वयाची. तिचा सात वर्षांचा भाऊ झायद सकाळपासून तिच्या ओढणीला लोंबकळत होता.

"मीही येणार खाली."

"सात वर्षांच्या पोरांनी गाढवं राखावीत," रबहा म्हणाली.

"गाढवं नाहीयेत आपल्याकडे."

"तू आहेस ना. स्वतःलाच राख."

सगळे हसले. पाटकरी बासूकाका, म्हणजे पाण्याच्या पाळ्या ठरवणारा म्हातारा, तोही हसला. झायद हसला नाही.

सातव्या तोंडाला मातीतच कोरलेल्या पायऱ्या आहेत. खाली ओळ करून आम्ही गाळाच्या टोपल्या हातोहात वर देत होतो. दुपारी चहासाठी सगळे वर आलो, वहाणा घातल्या, भरलेली रोटी खाल्ली, पुन्हा वहाणा काढल्या आणि उतरलो. त्या गोंधळात झायद आमच्यात मिसळून खाली आला. पोर नियमाने वागलं हो! आपली डावी वहाण काढून त्याने इतरांसारखी ओळीत ठेवली, शेवटी, दगडाजवळ. मग त्याने पाहिलं, की दगडावर एक नवी कोरी वहाण आहे, निळी, आणि ती कुणीच घालत नाहीये. त्याचा डावा पाय आता उघडा होता. त्याने ती घातली, आणि उतरला.

हे सगळं आम्हांला नंतर कळलं. त्या वेळी कळलं असतं तर मला ही गोष्ट सांगायलाच लागली नसती.

तिसऱ्या प्रहरी काम संपलं. एकेक पोर वर गेलं. वरून रबहाने आरोळी दिली, "एक उरली गं! आणि तुझी!" म्हणजे सगळं बरोबर. मुहाची उरली होती, आणि माझी. तोंडातून येणारं ऊन पायऱ्यांवर तिरपं पडलं होतं, खालच्या चार पायऱ्यांपर्यंत पोचत नव्हतं. मी काळोखाकडे वळले.

"मागे कोण?"

आवाज गेला, वळला, परत आला. पाणी वाहत होतं.

"मागे कोण?"

पाण्यात काहीतरी थांबलं. मी मनाला सांगितलं, हे नेहमीचंच.

"मागे कोण?"

"मी."

मोठा आवाज नव्हता तो, ओरडणंही नव्हतं. उन्हात झोपलेल्या माणसाला हाक मारली तर तो जसं म्हणेल तसं, अगदी साधं. कंदील हातात होता तो हलायला लागला आणि भिंतीवर माझी सावली हलायला लागली, आणि त्या सावलीलाच मी दचकले.

वर सगळ्यांनी ऐकलं होतं. पोरं किंचाळली. बासूकाकाचा आवाज आला, "वर ये! बिस्मिल्ला म्हण आणि वर ये! उत्तर देऊ नकोस त्याला! अगं पोरी, वर ये!"

मी वर बघितलं. तोंडाच्या कडेला सगळ्यांची डोकी दिसत होती, आणि त्यांत हद्दूदाचंही. बावीस वर्षं दर हिवाळ्यात हा माणूस या एका शब्दासाठी इथे येत होता. त्याने मला 'जा' म्हटलं नाही, 'ये' म्हटलं नाही. मला तेव्हा त्याचा राग आला, खोटं कशाला सांगू. असं वाटलं, तुझा भाऊ, तू जा. मी चौदा वर्षांची आहे, मला आई आहे.

मग माझ्या डोळ्यांसमोर किटलीत पुदिना कोंबत 'दिलं तर जायचं' म्हणणारा तो आला. मी वळले आणि आत चालू लागले. बासूकाका शिव्या देत होता, मला आणि हद्दूदाला आलटून पालटून.

मागे वर काय झालं ते हद्दूदाने मला खूप वर्षांनी सांगितलं. मी दिसेनाशी झाले तसा तो दगडाकडे धावला आणि तिथली वहाण उचलली. दगडावरची नव्हे, दगडावर काही नव्हतंच, दगडाजवळची. सवयीने उलटी केली. तळवा झिजलेला होता. टाचेशी पार भोक पडलेलं. "इतो," तो मला म्हणाला, "तेवढा एक श्वास मला वाटलं, माझा मुहा चालला. तेवढा एकच श्वास. मग तिचा पट्टा दिसला, तारेने बांधलेला. कुणाच्या तरी आईने बांधलेला. मला कळलं, खाली जिवंत पोर आहे." त्याने वहाण टाकली आणि कंदीलही न घेता पायऱ्यांवरून खाली उडी घेतली.

मला हे काही माहीत नव्हतं. मी एकटी चालले होते. पाणी नडग्यांपर्यंत, गार. मी "कुठे आहेस?" असंही विचारलं नाही. पण मी थांबले की पुढून पुन्हा यायचं, "मी." मी जवळ गेले की ते तेवढंच लांब. कुणी बोट धरून नेत नव्हतं, पण नेत होतं. असं ते मला आंधळ्या फाट्यापर्यंत घेऊन आलं. पायाखालची जमीन तिथे वर चढते आणि पाणी संपतं. गाळ सुकून लोण्यासारखा गुळगुळीत झालेला असतो. वर्षानुवर्षं तिथे कुणी पाय ठेवलेला नव्हता.

पुढे छप्पर पडल्याचा ढिगारा होता. त्याच्या पायथ्याशी झायद अंगाचं मुटकुळं करून झोपला होता. गाढ झोपला होता, तोंड उघडं, गालांवर रडल्याचे ओघळ सुकलेले.

मी कंदील खाली केला. गाळात झायदची पावलं उठली होती, छोटी छोटी, एक वहाणेचं, दुसरंही वहाणेचं. आणि त्यांच्या बाजूने, शेवटपर्यंत, आणखी पावलं होती. अनवाणी. मोठी. हद्दूदाच्या पायाएवढी.

ती ढिगाऱ्यापाशी येऊन संपत होती. परत गेल्याची नव्हती.

मी झायदला उचललं. इतकं आठवतं की मी त्याच्या कानात "चल, चल, चल" असं म्हणत होते, आणि तो जागा होऊन म्हणाला, "हळू बोल." फाट्याच्या तोंडाशी काळोखात कुणीतरी माझ्यावर येऊन आदळलं, मी किंचाळले, कंदील पडला आणि काच फुटली. तो हद्दूदा होता. त्याने एका हाताने पोराला घेतलं, दुसऱ्याने माझं मनगट धरलं, आणि आम्ही पाण्याच्या प्रवाहाबरोबर चाचपडत बाहेर आलो. तो मागे वळून बघेल असं मला वाटलं होतं. त्याने बघितलं नाही. हातात जिवंत पोर होतं ना.

वर रबहाने झायदला आधी दोन थोबाडीत दिल्या आणि मग छातीशी धरून रडली. बासूकाका वाळूत बसून अल्लाचं नाव घेत होता. कुणीतरी माझ्या खांद्यावर घोंगडं टाकलं.

हद्दूदा झायदसमोर उकिडवा बसला. पोराच्या उजव्या पायात त्याची स्वतःची जुनी वहाण होती. डावा पाय उघडा होता.

"बाळा, या पायातली कुठंय?"

"दिली."

"कुणाला?"

"त्याला. त्याचीच होती ना ती. तो म्हणाला, माझी आहे. मग मी दिली."

"पोरगं घाबरलंय, बरळतंय," बासूकाका म्हणाला.

"मी नाही बरळत. मी रस्ता चुकलो, तर तो आला. म्हणाला, झोप, हाक येईल तेव्हा मी सांगतो."

"म्हणजे इतोला उत्तर तू नाही दिलंस?" रबहाने विचारलं.

"मी तर झोपलो होतो."

खालच्या पाण्याचा आवाज वर येत होता. हद्दूदाने जिभेने ओठ ओले केले. त्याचा आवाज मी त्यानंतर कधी तसा ऐकला नाही.

"मग... घातली का त्याने वहाण?"

झायदने मान हलवली. "बसेचना त्याला. लहान झाली. त्याने खूप ओढून बघितली." आणि मग त्या पोराने आपलं मळकट बोट हद्दूदाच्या पायाला लावलं. "त्याचा पाय तुमच्याएवढा आहे, दादा."

हद्दूदाच्या चेहऱ्याकडे बघवेना. बावीस वर्षं तो नऊ वर्षांच्या पायाचं माप नेत होता. खाली काळोखात वर्षं मोजायला कुणी नसेल, असं त्याला वाटलं होतं. पोर तिथे एकटं वाढलं, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. तो तिथेच, आम्हां सगळ्यांसमोर, कपाळ मातीला टेकून हुंदके देऊन रडला. मुहा गेला तेव्हा तो रडला नव्हता म्हणे.

मग तो उठला. आपल्या डाव्या पायातली वहाण काढली, दगडावर ठेवली, हाताने तिच्यावरची वाळू झटकली. आणि एका पायाने अनवाणी गावाकडे चालू लागला. सगळ्यांच्या शेवटी. संध्याकाळी ती लहान निळी वहाण पाण्याबरोबर वाहत खाली बागेत आली. ती त्याने खजुराच्या मुळाशी पुरली.

पुढच्या हिवाळ्यात सातव्या तोंडाशी आम्ही सगळे लांब उभे राहिलो. हद्दूदाची मोठी वहाण दगडावर होती, जिथे ठेवली तिथेच. त्याने ती उलटी केली. टाच आणखी झिजली होती, आणि तळव्याच्या खाचांत गाळ भरला होता, ओला. त्याने तो बोटाने काढून बघितला. मग तो हसला, आणि मला म्हणाला, "चालतोय गं."

तेव्हापासून तो मोठीच जोडी आणायचा, आणि दर वर्षी ती झिजलेलीच निघायची. कोल्हे नेत असतील, गुराखी घालत असतील, असं बासूकाका मरेपर्यंत म्हणत होता. म्हणू दे. झायद आता शहरात बस चालवतो. बस सोडायच्या आधी पार मागच्या बाकापर्यंत जाऊन बघून येतो, आणि त्याचे साहेब त्यावरून त्याला बोलतात. हद्दूदाच्या जनाज्याला खांदा द्यायला तो रातोरात आला, आणि कबरस्तानातून सगळ्यांत शेवटी निघाला.

हद्दूदा गेल्या हिवाळ्यात गेला, गाळ काढून झाल्यावर आठव्या दिवशी, झोपेत. शेवटची वहाण त्यानेच ठेवली होती.

या हिवाळ्यात मंडळ मी नेलं. पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. रिसानीहून मी मोठी जोडी आणली होती, पिशवीत होती. सातव्या तोंडाशी गेले आणि दगडावरची वहाण उचलली. उलटी केली.

तळवा कोरा होता. एक पाऊलही चाललेली नव्हती ती. वर्षभर. मी ती खजुराच्या मुळाशी पुरली.

काम झालं, पोरं वर गेली, मी खाली थांबले. तीनदा हाक दिली. तिन्ही वेळा आवाज गेला, वळला, परत आला. पाण्यात आता नुसतं पाणी होतं. इतकी वर्षं त्या पावलांना मी भ्याले, आणि ती नाहीत म्हटल्यावर मला तिथे उभ्या उभ्या रडू कोसळलं. त्याला कुणीतरी घेऊन गेलं होतं. कुणी, ते मला विचारायची गरज नव्हती.

वर आले. तोंडाशी माझी एक वहाण उरली होती, ती मी घातली. पिशवीतली नवी जोडी मंडळातल्या एका मोठ्या मुलाला दिली, त्याच्या वहाणा पार फाटल्या होत्या. उजवी आणि डावी, दोन्ही.